खोली गप्प झाली की

आमच्या सासूबाईंना हेडफोन घाला म्हणणं म्हणजे मांजराला आंघोळ घालायला जाणं. उभी हयात त्यांनी रेडिओवर बोलण्यात काढली, पण हेडफोन कायम गळ्यात, कानावर कधी नाही. “स्वतःचाच आवाज ऐकत बोलायला मी काय गाणं शिकतेय?” असं म्हणायच्या. आणि डोळे गेल्यावर तर विषयच संपला. “डोळे मिटले ते मिटले, आता कानही झाकून घेऊ? मग मला सरळ पेटीत घालून माळ्यावर टाक,” असं मला ऐकवलं. मी उलट बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड काम आहे ते.

मी त्याच रेडिओ केंद्रावर इंजिनियर आहे. त्यांना मी घरी आई म्हणते, केंद्रावर सगळ्यांसारखं ताई म्हणते, आणि भांडण झालं की दोन्ही ठिकाणी काहीच म्हणत नाही. सकाळचा थेट कार्यक्रम त्यांचा. गाणी, गप्पा, पत्रं, कुणाचं काय हरवलं, कुणाचं काय सापडलं. सुरुवात ठरलेली: “बसा. हातातलं काम हातात राहू दे, पण बसा.” एवढं ऐकलं की लोक खरंच बसायचे. मी लग्नाआधीपासून बसत होते.

मग काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. त्यांनी कुणाला काही न सांगता कपाटातली पर्स काढली, केंद्रावरच्या खणातलं सामान त्या पर्समध्ये भरून आणलं आणि घरी बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त घरातला रेडिओ बंद झाला. कुणी लावला तर त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या, भिंत धरत. नवरा म्हणायचा, “आईला वेळ दे.” वेळ दिला. त्या वेळात त्या आणखी गप्प झाल्या. जिच्या बोलण्यावर गाव चहा गाळायचं, ती बाई जेवताना “मीठ दे” सोडून काही बोलेना. मला ते बघवत नव्हतं. सरळच सांगते, मला त्यांची भीती वाटायची तेव्हा बरं होतं, कीव यायला लागली तेव्हा मीच घाबरले.

एकच गोष्ट जुनी राहिली होती. आमचा फ्रिज म्हातारा आहे. मोटर चालू असली की सगळं स्वयंपाकघर घुमतं आणि थांबताना अंगात आल्यासारखा थरथरून एकदम शांत होतो. तो शांत झाला की आई खुर्चीत ताठ व्हायच्या. मान सरळ, घसा साफ. मग पुन्हा सैल. “आई फ्रिजला मान देते,” असं नवरा म्हणायचा. आम्ही हसायचो आणि विसरायचो.

त्याच सुमारास केंद्रावर नवा स्टुडिओ बांधला आणि त्यात नवा कन्सोल आला. कन्सोल म्हणजे ते मोठं टेबल, ज्यावर प्रत्येक माईकला, प्रत्येक गाण्याच्या यंत्राला एकेक वरखाली सरकणारी पट्टी असते. तो बसवायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी साहेबांकडे, म्हणजे केंद्रप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, ताईंना परत आणू या.

साहेब माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीला हो म्हणण्याआधी खिडकीबाहेर बघावं लागतं. बराच वेळ बघून म्हणाले, “त्यांचा माईक कोण उघडणार?”

“त्या स्वतः.”

“दिसत नाही त्यांना.”

“बटणाला दिसावं लागत नाही.”

साहेबांनी पुन्हा खिडकी बघितली. मग अट घातली. सोमवारी सकाळी एक कार्यक्रम त्यांनी एकटीनं करून दाखवायचा, माईक स्वतः उघडायचा, स्वतः बंद करायचा. जमलं तर कार्यक्रम त्यांचा. नाही जमलं तर आठवड्यातून एकदा येऊन बोलणं रेकॉर्ड करून द्यायचं, आम्ही वाजवू. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईंच्या तोंडून त्या दिवसातलं पहिलं वाक्य निघालं. “शिळं बोलायला मी जाणार नाही.” म्हणजे सोमवारी जाणार. मी पडत्या फळाची आज्ञा मानली.

आता हे काम काय होतं ते सांगते, घाबरू नका. कन्सोल एका खोलीत, ताईंचा माईक काचेपलीकडच्या दुसऱ्या खोलीत. त्यांच्या टेबलावर एक छोटी डबी, तिच्यावर बटण. डबीतून वायर निघते आणि कन्सोलच्या पाठीत जाते. त्या पाठीत प्रत्येक माईकसाठी बारीक पिनांची एक फणी असते. काही पिना हुकूम घेतात: उघड, बंद कर, खोकायचं आहे, तेवढा वेळ आवाज दाब. काही पिना बातमी देतात: माईक उघडा आहे, लाल दिवा लाव. हुकूम आत जातो, बातमी बाहेर येते, बस. वायर कुठे जोडायची ते हातानं, आणि कुठल्या हुकमाला काय घडायचं ते संगणकावर खुणा करून ठरवायचं. ज्यानं घरात सासू, नवरा आणि शाळेचा डबा एकाच सकाळी सांभाळला आहे त्याला हे काहीच नाही.

माझं घोडं अडलं ते बातमीपाशी. हुकूम त्या देतील, पण माईक उघडला की नाही हे त्यांना कळणार कसं? दिवा दिसत नाही. हेडफोन नको. टेबलाखाली मोबाइलसारखं थरथरणारं काही लावलं तर ती घरघर माईकमध्ये येते. मी डोकं लढवलं आणि एक पक्कं बटण शोधलं, दाबलं की खालीच बसणारं, पुन्हा दाबलं की वर येणारं. बोट ठेवायचं. खाली असेल तर माईक उघडा, वर असेल तर बंद. मला वाटलं, झालं. मला असं वाटतं तेव्हा माझ्या नवऱ्यानं घराबाहेर पडावं, हे त्याला अनुभवानं कळलं आहे.

शनिवारी तालीम ठेवली. कन्सोलवर आमचा ऑपरेटर होता, ज्याला सगळे बंदोबस्त म्हणतात. हा माणूस उघडी गोष्ट बघू शकत नाही. नळ ठिबकत असेल तर पिळतो, दार लोटलेलं असेल तर कडी घालतो, कुणाच्या पिशवीची चेन उघडी दिसली तर चालत्या माणसाच्या मागे जाऊन लावतो. रेडिओवर ही सवय म्हणजे सोनं. माईक विनाकारण उघडा राहिला तर काय काय बाहेर जातं ते ज्यानं ऐकलं आहे तो बंदोबस्तला दुवा देईल.

मी ताईंच्या खोलीत टेबलाखाली बसले होते, एक वायर सैल वाटत होती म्हणून. बंदोबस्तनं शीर्षकधून लावली आणि काचेवर टकटक करून तसं कळवलं. ताईंनी बटण दाबलं, ते खाली बसलं. “बसा,” त्या म्हणाल्या. “हातातलं काम हातात राहू दे, पण बसा.” माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज, थोडा खरखरीत. मग त्या थांबल्या. त्यांची थांबायची पद्धतच तशी, धून वाजत राहते आणि माणूस वाट बघतो. बोट बटणावर, बटण खाली.

आणि मग त्या बोलल्या. “लोक मला विचारतात, आता कसं चालतं तुमचं. सांगते. मी माणसं दारावरून ओळखते. मुलगा दार लावतच नाही, ते मागे तसंच राहतं. नात दार उघडायच्या आधीच हाक मारते. आणि माझी सून दार आपटते. आपटते, दोन पावलं जाते, मग परत येऊन ते हळू लावते, जसं काही मी आधीचं ऐकलंच नाही. ते दुसऱ्यांदा लावणं मला फार आवडतं.”

मी टेबलाखाली होते ते बरं. डोळे पुसायला वर यायची सोय नव्हती. इतक्या दिवसांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या, आणि असं तर कधीच नाही.

दारावर टकटक झाली. बंदोबस्तनं डोकं आत घातलं. “ताई, बोला ना पुढे. आम्ही थांबलोय.”

त्या मघाशी थांबल्या होत्या, तेव्हा या पठ्ठ्यानं उघडा माईक बघितला आणि सवयीनं कन्सोलवरून बंद केला. कन्सोलनं ऐकलं. पण ताईंच्या बोटाखालचं बटण बिचारं खालीच बसून राहिलं, कारण त्याला कुणी सांगायलाच गेलं नाही. बटण म्हणत होतं उघडा, कन्सोल म्हणत होता बंद. त्यांनी ते सगळं एका मेलेल्या माईकला सांगितलं.

ताईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी बोट उचललं, हात मांडीवर घेतले. “मला घरी ने,” म्हणाल्या. बंदोबस्तचा चेहरा असा झाला की त्याला चिडून बोलायला घेतलेलं वाक्य मी गिळलं.

वाटेत मी एकटीच बोलत होते. त्याला बजावते, म्हटलं, कन्सोलवरचं बटणच बांधून टाकते. त्या म्हणाल्या, “नको. मला उद्या भोवळ आली, खोकल्याची उबळ आली, तर बाहेरून कुणाला तरी बंद करता आलंच पाहिजे. त्याचं काम त्यानं केलं.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी बोलत होते आणि कुणी नव्हतं. आंधळेपण मला तेव्हा कळलं. डोळे गेले तेव्हा नाही.” मी गाडी बाजूला घेतली. ती अर्धी रस्त्यातच राहिली. मग मागच्यानं भोंगा वाजवला आणि मी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली, तेव्हा त्या किंचित हसल्या.

रविवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं की उद्या त्या येणार नाहीत. साहेबांना सांग. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, भांडी आदळली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, त्या खुर्चीवर शेंगा सोलत, मी ओट्याशी रागावून. फ्रिज घुमत होता. मी तोंडाचा पट्टा सोडला होता, की तुम्ही हार मानलीत, की माझी मेहनत गेली, की घरातला रेडिओ तुमच्यामुळे मुका झाला. तेवढ्यात फ्रिज थरथरला आणि शांत झाला.

आई ताठ झाल्या. शेंग हातात तशीच. मान सरळ, घसा साफ.

मी बोलता बोलता थांबले. “आई, हे तुम्ही का करता?”

“काय?”

“फ्रिज थांबला की ताठ बसता ते.”

त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. थोडा विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “खोली गप्प झाली की बोलायचं असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “जुन्या स्टुडिओत माझ्या डोक्यावर स्पीकर होता. गाणं त्यातनं वाजायचं. मी माईक उघडला की तो मुका व्हायचा, नाहीतर माईक आणि स्पीकर एकमेकांत अडकून किंचाळले असते. दिव्याकडे मी कधी बघितलंच नाही गं. खोली गप्प झाली की माईक उघडा. खोली वाजायला लागली की बंद.”

मी कपाळावर हात मारला. नव्या खोलीत तो स्पीकर बसवलाच नव्हता. नकाशात नव्हता, आजकालची सगळी मुलं हेडफोन घालतात, कुणाला आठवण झाली नाही, मला धरून. आणि गंमत बघा, कन्सोलमध्ये ती खूण संगणकावर तयारच होती: हा माईक उघडला की या खोलीचा स्पीकर गप्प. मी ती रिकामी सोडली होती, कारण गप्प करायला स्पीकरच नव्हता. मी नवी बातमी शोधत फिरत होते, आणि बातमी त्यांच्या कानात आयुष्यभर बसलेली.

“पण गाणं संपल्यावर?” मी विचारलं. “तेव्हा स्पीकरही गप्पच असणार. उघडा की बंद, कसं कळणार?”

“संपेपर्यंत थांबतं कोण?” त्यांचा जुना सूर आला, मला शिकवायचा. “गाण्याचं शेपूट हातात असतानाच उघडायचं. शेपूट तुटलं की समजायचं, आपली पाळी. आणि सुरुवातीला धून असतेच.” मग शेंगा बाजूला सारल्या. “तो स्पीकर आज बसेल का?”

बसला. अडगळीच्या खोलीतून जुनाच काढला, कापड फाटलेला, आवाज शाबूत. ते खाली बसणारं बटण मी उपटून फेकलं आणि दोन साधी बटणं लावली, एक उघडायचं, एक बंदचं, दाबलं की परत वर येणारी. खरं काय आहे ते बटण सांगणार नाही, खोली सांगेल. बंदोबस्त सुट्टीचा दिवस टाकून आला होता आणि स्पीकर धरून शिडीवर उभा होता. “ताई, मी उद्या हात पाठीमागे बांधून बसतो,” म्हणाला. “नको,” ताई खालून म्हणाल्या, “तुझा हात सुटायचाच. फक्त सुटला तर मला कळू दे.”

सोमवारी साहेब कंट्रोल रूममध्ये येऊन उभे राहिले. खिडकी नव्हती म्हणून काचेतून बघत होते. मी ताईंना खुर्चीत बसवलं, बोटं दोन्ही बटणांवर ठेवून दाखवली, पाणी उजवीकडे आहे म्हणून सांगितलं, बाहेर आले आणि दार लावलं. 

धून सुरू झाली. काचेपलीकडे त्यांचं बोट हललं, लाल दिवा लागला, त्यांनी मान ताठ केली.

“बसा. हातातलं काम हातात राहू दे, पण बसा.”

आणि थांबल्या. धून वाजत राहिली. बंदोबस्त दुसऱ्या खोलीतल्या बातम्यांच्या बाईला खूण करत होता, एक डोळा इकडे, एक तिकडे. उघडा माईक दिसला, आवाज नाही. त्याचा हात गेला. अगदी विचार यायच्याही आधी गेला असेल, कारण बटण दाबल्यावर तो स्वतःच पांढरा पडला. लाल दिवा विझला.

ताई बोलायला तोंड उघडत होत्या.

कन्सोल माझ्या पुढ्यात होता. एक बोट पुढे केलं असतं तर मी तो माईक उघडला असता, कुणाला कळलंही नसतं. साहेब माझ्याकडे बघत होते. बंदोबस्त माझ्याकडे बघत होता. मी हात पुढे नेला आणि मागे घेतला. आज मी उघडला तर उद्याही मलाच उघडावा लागेल, आणि हे त्यांना कळल्यावाचून राहणार नाही. दोन्ही हात काखेत दाबून मी उभी राहिले. इतकं जड काम मी कधी केलेलं नाही.

आत धून परत खोलीत वाजायला लागली होती. आतल्या स्पीकरचा तो आवाज आम्हाला काचेतून येत नव्हता, पण ताईंनी ऐकला. उघडलेलं तोंड मिटलं. मान किंचित वर झाली, फाटक्या स्पीकरच्या दिशेनं. आणि त्या हसल्या, घरी आम्ही कुणी पकडले गेलो की हसतात तशा. बोटानं बटण शोधलं, दाबलं, खोली गप्प व्हायची वाट बघितली. लाल दिवा लागला.

“लोक मला विचारतात, आता कसं चालतं तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि त्या वेळी ते सगळीकडे गेलं. “सांगते. मी माणसं दारावरून ओळखते. माझी सून दार आपटते. पण आज मला इथे बसवलं आणि दार इतकं हळू लावून गेली की माझ्या लक्षात आलं, आपल्या दोघींत घाबरलेलं कोण आहे. तिला म्हणावं, मी ठीक आहे. आता एक गाणं ऐका, तोवर ती पाणी पिईल.”

बंदोबस्तनं गाणं सोडलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो एकही हात कन्सोलवरून उचलत नव्हता. मी खरंच पाणी प्यायले. पुढे प्रत्येक गाण्याचं शेपूट त्यांनी बरोबर पकडलं. शेवटच्या तुकड्यात, मागे धून सुरू असताना त्या बोलता बोलता थांबल्या आणि बंदोबस्तचा हात पुन्हा एकदा सुटला, तर स्पीकर वाजल्याबरोबर बटण दाबून “हं, तर मी काय म्हणत होते,” म्हणून पुढे गेल्या. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, ताईंना आठवायला वेळ लागला.

कार्यक्रम संपला. साहेब, मी, मागे बंदोबस्त, असे तिघं त्यांच्या खोलीत गेलो. साहेबांनी घसा साफ केला. त्यांना काहीतरी रीतसर बोलायचं होतं, निर्णय वगैरे. ताईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

“ही खुर्ची करकरते,” त्या मला म्हणाल्या. “मी हलले की माईकमध्ये येतं. उद्यापर्यंत तेल घाल.”

साहेबांनी खिडकी शोधली, नव्हती. “हो, उद्यापर्यंत घाला,” ते मला म्हणाले.

मी तेलाची बाटली आणायला निघाले. घाईत होते, डोळ्यांत पाणी होतं, दार हातातून सुटलं आणि दणकन आपटलं. सगळा कॉरिडॉर दचकला. मी दोन पावलं गेले, परत आले आणि हळूच लावायला दार धरलं.

आतून ताईंचा आवाज आला. “हां. आता ठीक आहे.”